मलेशियाला व्हिसा नको, पण फाइल हवी

तुमचा प्रश्न आधी नीट मांडून घेते, म्हणजे उत्तर कुणाला लागू आहे ते वाचणाऱ्यालाही कळेल. भाऊबीज झाली की १२ नोव्हेंबर २०२६च्या रात्री मुंबईहून निघायचं, १३ला सकाळी क्वालालंपूर, १७ला बसने सिंगापूर, १९ला परत क्वालालंपूर आणि २१च्या रात्री परतीचं विमान. माणसं सहा: तुम्ही, तुमचे मिस्टर, नऊ वर्षांचा मुलगा, चार वर्षांची मुलगी आणि सासू-सासरे. एजंट म्हणतो, ‘मलेशिया व्हिसा-फ्री आहे, पासपोर्ट आणि तिकीट पुरे.’ शेजारच्यांनी सांगितलं की त्यांच्या ओळखीतल्या एकाला तिथल्या विमानतळावरूनच परत पाठवलं. मुलाचा पासपोर्ट २० एप्रिल २०२७ला संपतोय आणि सासूबाईंच्या पासपोर्टवर ईसीआरचा (‘एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’) शिक्का आहे. मग खरं कुणाचं, आणि बरोबर न्यायचं काय?

दोघांचंही खरं आहे. भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी ३० दिवसांपर्यंत मलेशियात व्हिसाशिवाय राहता येतं. ही सवलत १ डिसेंबर २०२३ला सुरू झाली आणि नंतर ३१ डिसेंबर २०२६पर्यंत वाढवली गेली. तुमच्या तारखा त्यात बसतात. (जानेवारीचा बेत करणाऱ्यांनी मात्र नवी घोषणा पाहिल्याशिवाय परत न मिळणारी तिकिटं काढू नयेत.) पण सवलत व्हिसातून आहे, तपासणीतून नाही. व्हिसा असतो तेव्हा तिकीट, हॉटेल, बँकेचे कागद दूतावासात कुणीतरी आधीच पाहिलेले असतात. इथे ते कुणीच पाहिलेले नसतात. म्हणून तेच कागद दोन ठिकाणी मागितले जाऊ शकतात: मुंबईत विमान कंपनीच्या काउंटरवर, आणि क्वालालंपूरला इमिग्रेशनच्या खिडकीवर. तुमच्यासमोरचा अधिकारी दोन-तीन मिनिटांत ठरवतो की ही माणसं फिरायला आलीत की राहायला. त्याला शंका आली तर प्रवेश नाकारायचा अधिकार त्याला आहे. जुलै २०२५ मध्ये क्वालालंपूरच्या विमानतळावर एका मोहिमेत १९८ परदेशी नागरिकांना असं परत पाठवलं होतं. सगळेच काही लबाड असतात असं नाही. पुष्कळदा माणूस खराच फिरायला आलेला असतो, पण ते दाखवायला हातात काही नसतं.

आता सगळ्यात निकडीचं, मुलाचा पासपोर्ट. मलेशियाला उतरायच्या दिवशी पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक लागते. १३ नोव्हेंबरपासून सहा महिने म्हणजे १३ मे २०२७. मुलाचा संपतोय २० एप्रिलला, म्हणजे २३ दिवस कमी. सिंगापूरलाही सहा महिन्यांचीच अट आहे, आणि १९ला तुम्ही मलेशियात पुन्हा शिरणार तेव्हा तिथून परत सहा महिने मोजले जातील. इतक्या थोड्यासाठी कोण अडवतंय, असं वाटेल. पण इथे कुणाच्या मर्जीचा प्रश्नच येत नाही. विमान कंपनीच्या काउंटरवरच्या मुलीसमोर संगणकात देशवार नियम असतात. चुकीच्या कागदांवर प्रवासी नेला तर त्याला परत आणायची जबाबदारी कंपनीवर येते आणि वर दंडही होऊ शकतो. त्यामुळे ती मुंबईतच थांबवेल, आणि नऊ वर्षांच्या मुलाला थांबवलं म्हणजे सहाही जणांना थांबवलं.

ही चूक मुलांच्याच बाबतीत का होते, ते लक्षात घ्या. मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षांचा, लहान मुलांचा पाच वर्षांचा. घरात सगळ्यांचे पासपोर्ट एकाच वेळी काढलेले असले तर मोठ्यांचे अजून निम्मेही संपलेले नसतात आणि पोरांचे संपत आलेले असतात. म्हणून मुलीचाही आजच काढून बघा.

नवा करायला पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर ‘री-इश्यू’चा अर्ज भरायचा. अल्पवयीन मुलासाठी ३६ पानी पासपोर्टची फी १००० रुपये, तत्काळ हवा असेल तर वर २००० रुपये. आईवडील दोघांच्या सह्या असलेलं ‘अनेक्शर डी’ हे संमतीचं घोषणापत्र लागतं. दोघांचे पासपोर्ट चालू असतील तर त्यांच्या प्रती सोबत न्या, काम पुष्कळ सोपं होतं. आणि क्रम पाळा: आधी पासपोर्ट, मग बाकी सगळं. नव्या पुस्तिकेचा नंबर नवा असतो. जुन्या नंबरावर सिंगापूरचा व्हिसा घेतला तर ते पैसे गेले. विमानाच्या तिकिटावर जुना नंबर असेल तर तो बदलता येतो, पण आठवणीने बदलावा लागतो.

सासूबाईंच्या ईसीआरबद्दल उगाच धास्ती घेऊ नका, पण दुर्लक्षही करू नका. ईसीआर म्हणजे कामासाठी परदेशी जाणाऱ्या कमी शिकलेल्या माणसाची फसवणूक होऊ नये म्हणून आपल्याच सरकारने ठेवलेली तपासणी. १९८३च्या उत्प्रवास कायद्याखाली ती येते आणि ठरावीक १८ देशांनाच लागू आहे. आखाती देश त्यात आहेत हे सगळ्यांना माहीत असतं. मलेशिया, थायलंड आणि इंडोनेशियाही त्यात आहेत, हे पुष्कळांना माहीत नसतं. सिंगापूर त्यात नाही. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर हा शिक्का येतो, म्हणून आपल्याकडच्या आधीच्या पिढीतल्या बायकांच्या पुस्तिकांवर तो हमखास दिसतो.

पर्यटनासाठी जाणाऱ्याला ती मंजुरी घ्यावी लागत नाही. मुंबईच्या इमिग्रेशनला एवढंच पटायला हवं की आजी फिरायला चालल्यात, कामाला नाही. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग त्यांच्या नावासकट त्यांच्या हातात असू द्या, आणि त्यांना एकटीला वेगळ्या रांगेत पाठवू नका. मुलगा, सून, नातवंडं बरोबर उभी असली की प्रश्न तिथेच मिटतो. शिवाय पन्नाशीच्या पुढच्या व्यक्तींना या तपासणीतून सूट आहे. पुढच्या वेळी पासपोर्ट नवा कराल तेव्हा वयाच्या आधारावर तो शिक्का काढून घ्या. हेच उत्तर बावीस-तेवीस वर्षांच्या, दहावी नापास, एकट्याने मलेशियाला निघालेल्या मुलाला मात्र मी देणार नाही. त्याला मुंबईतच बारीक प्रश्न विचारले जातील, आणि ते विचारायला कारणही आहे: फिरायला म्हणून नेऊन कामाला जुंपलेली मुलं असतात.

आता मलेशियाचं डिजिटल आगमन-पत्र, ज्याला सगळे एमडीएसी म्हणतात. १ जानेवारी २०२४पासून परदेशी पर्यटकांना ते बंधनकारक आहे. आगमनाच्या आधीच्या तीन दिवसांतच भरायचं असतं. त्याआधी भरून ठेवलेलं उपयोगाचं नाही. ते फुकट आहे. नावात ‘एमडीएसी’ घालून डॉलरमध्ये फी घेणाऱ्या साइट्स शोधात सगळ्यात वर येतात. खरी साइट मलेशियाच्या इमिग्रेशन खात्याची, तिच्या नावाच्या शेवटी ‘डॉट जीओव्ही डॉट एमवाय’ असतं. कार्डाचा नंबर मागितला की समजा आपण चुकीच्या दारात आहोत.

हे पत्र माणशी एक, त्यामुळे तुमची सहा पत्रं, चार वर्षांच्या मुलीचंही वेगळं. सगळ्यांसाठी एकच ई-मेल दिला तरी चालतो. कोणत्या जागी चुका होतात ते सांगते.

तारीख: तुमचं विमान १२च्या रात्री सुटतं आणि १३ला पोचतं. पत्रात १३ टाकायची. मलेशियाचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, त्यामुळे रात्री दहाचं विमानसुद्धा तिथे दुसऱ्या दिवशीच उतरतं. तुम्ही ११ला बसून भरा, म्हणजे तीन दिवस कसेही मोजले तरी बसतात.

पासपोर्ट नंबर: आपल्या पासपोर्टचा नंबर म्हणजे पुढे एक इंग्रजी अक्षर आणि मागे सात आकडे. त्यामुळे पहिल्या जागेनंतर जे गोल दिसतं ते शून्यच, ‘ओ’ नव्हे. ही एक चूक सहा पत्रांमध्ये कुठेतरी होतेच.

परत जायची तारीख: १७ला तुम्ही मलेशिया सोडताय, २१ला नाही. पहिल्या पत्रात १७. मग १९ला पुन्हा शिरताना दुसरं पत्र भरावं लागतं, कारण दर प्रवेशाला नवं पत्र. ते सिंगापूरच्या हॉटेलात १७ला किंवा १८ला सकाळी भरा. सिंगापूर करून परतणारी कुटुंबं इथेच अडकतात: पहिलं पत्र दाखवतात, ते वापरून झालेलं असतं, आणि मलेशियाच्या सीमेवरच्या जोहोर बाहरूच्या गर्दीत उभं राहून फोनवर सहा नवी पत्रं भरायची वेळ येते.

चूक लक्षात आली तर दुरुस्त करत बसू नका, बरोबर माहितीने नवं भरा. आलेली ई-मेल छापून घ्या.

नावाचं एक बघा, कारण आपल्याकडे हा घोळ फार. पासपोर्टवर दोन रकाने असतात, आडनाव आणि दिलेलं नाव. मराठी माणसाच्या ‘दिलेल्या नावा’त बहुतेकदा स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं, अशी दोन्ही नावं असतात. तिकिटावर आणि एमडीएसीवर पासपोर्टवर आहे तसंच पूर्ण नाव घाला, आधारकार्डावर आहे तसं नव्हे. तुमचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल आणि आधार सासरच्या नावाचं, तर या प्रवासापुरतं आधार विसरा. मुलांचं आडनाव तुमच्यापेक्षा वेगळं दिसत असेल तरी त्यांच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईवडिलांची नावं छापलेली असतात, तेवढं पुरतं. आईवडिलांपैकी एकच जण बरोबर असेल, किंवा मूल आजीआजोबांबरोबर जात असेल, तर मागे राहिलेल्यांचं सहीचं संमतीपत्र इंग्रजीत, पासपोर्टच्या प्रतीसह न्यावं. तुम्ही दोघंही आहात, तुम्हाला नको.

फाइलकडे येते. क्वालालंपूरच्या खिडकीवर चार गोष्टींचं उत्तर तयार हवं: जाणार कधी, राहणार कुठे, खर्च कशातून, आणि घरी परतायचं कारण काय.

जाणार कधी, याला छापील परतीचं तिकीट. मध्ये सिंगापूर आहे म्हणून बसचं तिकीट आणि सिंगापूरचा ई-व्हिसाही त्याच्या मागे लावा. नाहीतर तुम्ही तोंडाने १७ म्हणता आणि विमानाच्या तिकिटावर २१ दिसते, आणि अधिकाऱ्याला मेळ लागत नाही. ‘दाखवायपुरतं’ म्हणून एजंट जी तिकिटं काढून देतात, जी दोन दिवसांत आपोआप रद्द होतात, ती घेऊ नका. तिकिटाचा नंबर कंपनीच्या साइटवर टाकला की खरं-खोटं लगेच कळतं. खोटा कागद सापडल्यावर बाकीचे खरे कागदही कुणी बघत नाही.

राहणार कुठे, याला प्रत्येक रात्रीचं बुकिंग. सगळ्या रात्रींचा हिशेब लागला पाहिजे. बुकिंगवर सहा माणसं दिसली पाहिजेत. दोन प्रौढांच्या नावावर एक खोली आणि समोर सहा जण उभे, हे पटत नाही. ‘नंतर पैसे द्या’ प्रकारातलं बुकिंग चालतं, पण कार्ड चाललं नाही तर हॉटेल ते परस्पर रद्द करतं आणि ई-मेल जाहिरातींच्या खाली दबून राहते. निघायच्या आदल्या दिवशी एकदा उघडून बघा. नातेवाइकाकडे उतरणाऱ्यांनी त्याचा पूर्ण पत्ता, फोन, बोलावल्याचं साधं पत्र आणि त्याच्या तिथे राहण्याच्या परवान्याची प्रत न्यावी. एमडीएसीत जो पत्ता लिहिलात तोच कागदावर हवा आणि तोच तोंडी यायला हवा.

खर्च कशातून, हा तुमचा मुख्य प्रश्न होता: किती पैसे दाखवावे लागतात? बिनव्हिसाच्या पर्यटकासाठी ‘पुरेसे’ एवढंच धरून चाला. त्याचा अर्थ परिस्थितीवर अवलंबून आहे. हॉटेलचे पैसे भरलेले असतील तर कमी पुरतात, नसतील तर जास्त लागतात. माझा हिशेब साधा आहे: हॉटेल भरलेलं असेल तर मोठ्या माणसामागे रोजचे दीडशे ते दोनशे रिंगिट (मलेशियाचं चलन) आणि मुलांमागे त्याच्या निम्मे, एवढे हाताशी दिसावेत. मलेशियातले तुमचे दिवस धरले तर चार मोठे आणि दोन मुलं मिळून रोजचे साडेसातशे ते हजार रिंगिट होतात. हे सगळे नोटांमध्ये नकोत. एक-दोन दिवसांचे रिंगिट रोख, बाकी फॉरेक्स कार्डावर, आणि गेल्या तीन महिन्यांचं बँकेच्या शिक्क्याचं खातेउतारा-पत्रक. उतारा नवऱ्याच्या नावाचा असेल तर तो पुढे उभा राहू दे.

पैशांबाबत आणखी तीन गोष्टी. भारतातून निघताना रुपयाच्या नोटा माणशी २५,००० पर्यंतच नेता येतात, आणि परदेशी चलनाच्या नोटा एका फेरीसाठी साधारण ३,००० डॉलर इतक्या किमतीच्याच मिळतात. २०२०पासून नवी डेबिट-क्रेडिट कार्डं परदेशी वापरासाठी बंदच येतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ती चालू करावी लागतात, आणि ते घरी असतानाच करा. तिथे गेल्यावर ओटीपी ज्या सिमवर येणार त्याचं रोमिंग नसेल तर अ‍ॅप उघडणारही नाही आणि शिल्लक दाखवता येणार नाही. म्हणूनच मी छापील उताऱ्यावर इतका भर देते.

घरी परतायचं कारण कुटुंबाच्या बाबतीत फारसं विचारत नाहीत. शाळकरी मुलं, म्हातारी माणसं हेच उत्तर असतं. तरी नोकरीतली रजामंजुरी किंवा दुकानाचं जीएसटी नोंदणीपत्र, एक कागद असू द्या. एकट्याने जाणाऱ्या तरुणांना तो नक्की लागतो.

खिडकीवर सहाही जण एकत्र जा. विचारलं तेवढंच, खरं आणि सरळ सांगा: किती दिवस, कुठे, मग कुठे. इंग्रजी अडखळत असेल तर काही बिघडत नाही. सासऱ्यांना विचारलेल्या प्रश्नाला तीन जणांनी एकदम उत्तरं दिली की मात्र बिघडतं. दोन्ही हातांच्या तर्जनीचे ठसे घेतात. आयुष्यभर भांडी, शेती, धुणं केलेल्या हातांच्या रेषा झिजलेल्या असतात आणि यंत्र दोन-चार वेळा नाही म्हणतं. सासूबाईंच्या बोटांना विमानातून उतरताना थोडं क्रीम लावा आणि मग कोरडी पुसा, ठसा लवकर उमटतो. घाबरण्यासारखं त्यात काही नाही, त्यांना आधी सांगून ठेवा.

शिक्का मारला की तिथेच उभं राहून सहाही पासपोर्टांवरची तारीख आणि दिवस वाचा. ३० दिवस हे जास्तीत जास्त आहेत. अधिकाऱ्याने कमी लिहिले तर तेच खरे. तुमच्या बेतात ती अडचण नाही, पण जे २८-२९ दिवस राहायचं ठरवतात त्यांनी उतरल्याचा दिवस पहिला धरून मोजावं आणि दोन-तीन दिवस हाताशी ठेवावेत. मुदत उलटली तर दंड होतो, आणि पुढच्या वेळी देशात शिरण्यावर बंदी येऊ शकते.

सिंगापूर हा वेगळाच मामला आहे, आणि एजंटच्या ‘व्हिसा-फ्री’त तो धरलेला नाही ना, हे आजच विचारा. भारतीय पासपोर्टला सिंगापूरचा व्हिसा लागतो. ९६ तासांची जी बिनव्हिसाची सवलत ऐकू येते ती अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, जपान अशा ठरावीक देशांचा व्हिसा हातात असून दुसऱ्या देशाला जाता-येता थांबणाऱ्यांसाठी आहे. मलेशियातून फेरी मारणाऱ्यांना ती लागू होत नाही. अर्ज अधिकृत एजंटमार्फत, सरकारी फी माणशी ३० सिंगापूर डॉलर, नाकारला तरी परत नाही. पोचायच्या आधी ३० दिवसांच्या आतच अर्ज करायचा असतो, म्हणजे तुमच्या बाबतीत १८ ऑक्टोबरनंतर. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, गेल्या तीन महिन्यांतला. सासऱ्यांचा दहा वर्षांपूर्वीचा काळ्या केसांचा फोटो देऊ नका, अर्ज परत येतो. व्हिसा आला की सिंगापूरचंही फुकट आगमन-पत्र, एसजी अरायव्हल कार्ड, भरायचं. त्यात पोचायचा दिवस धरून तीन दिवस मोजतात. १७ला पोचताय, तर १५पासून भरता येईल.

बसचा प्रवास कागदावर पाच-सहा तासांचा दिसतो, सीमेवर किती वेळ जाईल त्यावर सगळं अवलंबून. जोहोर बाहरूला बसमधून उतरायचं, मलेशियातून निघाल्याचा शिक्का घ्यायचा, परत चढायचं, पूल ओलांडायचा, वुडलँड्सला, म्हणजे सिंगापूरच्या बाजूच्या नाक्यावर, सगळं सामान घेऊन पुन्हा उतरायचं, सिंगापूरची तपासणी, सामानाचं स्कॅनिंग, मग पुन्हा बस. बस ठरावीक वेळच थांबते. म्हातारी माणसं आणि चार वर्षांचं लेकरू घेऊन दोनदा हे करायचं, म्हणजे जाताना एकदा आणि येताना एकदा. म्हणून माझं मत विचाराल तर परतीचं विमान सिंगापूरहूनच घ्या: मुंबई ते क्वालालंपूर, आणि सिंगापूर ते मुंबई. एक सीमा कमी, सहा पत्रं कमी, मलेशियात दुसऱ्यांदा शिरताना होणारी विचारपूस कमी. तिकिटाचा फरक किती येतो ते बघून ठरवा, सहा माणसांचं बसभाडं आणि क्वालालंपूरच्या दोन जास्तीच्या रात्री त्यातून वजा करा. एवढंच लक्षात ठेवा की मग सिंगापूरचा व्हिसा मुंबई सोडायच्या आधी हातात हवाच. परतीचं तिकीट सिंगापूरहून आणि सिंगापूरला शिरायची सोय नाही, असं दिसलं तर मुंबईचा काउंटरच प्रश्न विचारेल.

तिकीट स्वस्त पडतं म्हणून कोलंबो किंवा बँकॉकमार्गे जाणार असाल तर दोन्ही विमानं एकाच तिकिटावर आहेत ना, ते पाहा. वेगवेगळी तिकिटं असली की मधल्या शहरात सामान घेऊन बाहेर यावं लागतं. बाहेर येणं म्हणजे त्या देशात प्रवेश, आणि त्या देशाचे नियम, त्याचं वेगळं आगमन-पत्र.

औषधांचं थोडक्यात. रक्तदाब-साखरेच्या गोळ्या डब्यात मोकळ्या भरू नका, पाकिटासकट न्या. डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी, त्यात औषधाचं मूळ नाव, आणि प्रवासाचे दिवस अधिक चार एवढाच साठा. झोपेच्या किंवा चिंतेवरच्या गोळ्या असतील तर चिठ्ठीशिवाय अजिबात नको, दोन्ही देशांत अमली पदार्थांचे कायदे अत्यंत कडक आहेत. आणि सासू-सासऱ्यांना नीट, न ओरडता विचारा: पिशवीत तंबाखूची पुडी, गुटखा, तपकीर, मिश्रीची डबी काही आहे का? सिंगापुरात खायच्या-हुंगायच्या तंबाखूचे हे प्रकार आणायलाच बंदी आहे, स्वतःपुरतेसुद्धा. आपल्याकडे मिश्रीला कुणी तंबाखू समजत नाही, म्हणून ती डबी राहून जाते. चकल्या, लाडू खुशाल न्या.

मलेशियासाठी प्रवासविम्याची सक्ती नाही, पण साठीच्या पुढची दोन माणसं बरोबर आहेत, तुम्ही घ्या. आधीपासूनचे आजार अर्जात लिहून घ्या, नाहीतर दावा करताना तेच पुढे येतं.

कामं या क्रमाने लावा. मुलाच्या पासपोर्टची अपॉइंटमेंट आधी, कारण बाकी सगळ्यावर त्याचा नंबर जाणार आहे. तो हातात आला की तिकिटं आणि हॉटेल पक्की करा. १८ ऑक्टोबर उलटला की सिंगापूरचा व्हिसा. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बँकेचा उतारा, फॉरेक्स कार्ड, आणि मलेशियाच्या इमिग्रेशनच्या साइटवर एकदा नियम बदललेत का ते पाहणं. ११ला, भाऊबिजेच्या दिवशी, संध्याकाळी ओवाळून झालं की सहा पासपोर्ट समोर मांडून सहा एमडीएसी. भरताना एकाने नंबर मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने टाइप करायचा. सगळ्या कागदांचे दोन संच करा, एक तुमच्या पर्समध्ये आणि एक मिस्टरांच्या. मोठ्या बॅगेत टाकू नका, कारण इमिग्रेशनच्या खिडकीशी पोचता तेव्हा ती बॅग अजून पट्ट्यावरच फिरत असते.